स्वतःच्या श्वासावर हवा मोजणारा डॉक्टर

२७ जानेवारी १८९६ च्या पहाटे साउथ वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ खाणकामगार मरण पावले. त्या काळी ब्रिटनमध्ये अशी बातमी नवलाची नव्हती. स्फोट म्हणजे आगीचा लोळ आणि धक्का. त्यात सापडलेली माणसे भाजून किंवा चिरडून मरतात, असाच सर्वसाधारण समज होता. मात्र खाणींच्या स्फोटांत माणसे नेमकी कशाने मरतात, याचा शोध घेण्याचे काम ब्रिटिश गृहखात्याने ऑक्सफर्डच्या एका डॉक्टरकडे सोपवले होते. वय ३५ वर्षे, नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांनी टायलर्सटाउनच्या मृतांची तपासणी केली. बऱ्याच जणांच्या अंगावर जीव जावा अशी इजाच नव्हती. काही तर स्फोटाच्या जागेपासून दूर सापडले होते. त्यांच्या त्वचेवर मृतदेहाचा फिकटपणा नव्हता, उलट गुलाबी तजेला होता. झोपेत असावेत तशी ती माणसे दिसत होती. हाल्डेन यांनी रक्ताचे नमुने घेतले आणि ते पाहताच त्यांची खात्री पटली. हा रंग त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. वर्षभरापूर्वी त्यांनी तो स्वतःच्या बोटातून काढलेल्या रक्तात पाहिला होता.

गृहखात्याला त्याच वर्षी सादर झालेल्या अहवालातला निष्कर्ष खाणमालकांना आणि डॉक्टरांनाही चकित करणारा होता. स्फोटाच्या ज्वाळेने मारली त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे स्फोटानंतर उरलेल्या हवेने मारली होती. त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड होता.

हाल्डेन यांचा जन्म ३ मे १८६० रोजी एडिंबरो येथे, स्कॉटलंडमधल्या एका जुन्या, सधन घराण्यात झाला. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन यांनी वैद्यकीची पदवी १८८४ मध्ये घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. डंडी शहरात थॉमस कार्नेली या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी पहिले मोठे काम केले ते गरिबांच्या घरातील हवेचे. एका खोलीत अख्खे कुटुंब झोपलेले असताना रात्री-अपरात्री दार ठोठावायचे, आत जाऊन बाटलीत हवा भरून घ्यायची आणि प्रयोगशाळेत तीतला कार्बन डायऑक्साइड, सेंद्रिय द्रव्ये आणि जंतू मोजायचे, असा तो उद्योग होता. शाळांची हवा मोजली, गटारांचीही मोजली. लंडनच्या संसदभवनाखालच्या गटारातील हवेत बाहेरच्या हवेपेक्षा जंतू कमीच निघाले. गटाराच्या वाफेने रोग होतात असे मानणाऱ्यांना हे पचणे कठीण होते. पण तेव्हापासून हाल्डेन यांची एक पद्धत ठरून गेली. हवा वाईट आहे, कोंदट आहे, विषारी आहे या म्हणण्याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. किती वाईट, कशामुळे, आणि त्याने माणसाचे किती वेळात काय होते, हे आकड्यात सांगता आले पाहिजे.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ही अट पुरी करणे सर्वांत अवघड होते. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. खाणकामगारांनी वेगवेगळ्या हवांना स्वतःची नावे दिली होती. मिथेनला ते फायरडँप म्हणत, ऑक्सिजन संपत आलेल्या हवेला ब्लॅकडँप, आणि स्फोटानंतरच्या हवेला आफ्टरडँप. पहिल्या दोन हवा त्यांच्या हातातला सुरक्षा दिवा ओळखत असे. मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढते, ऑक्सिजन सुमारे १७ टक्क्यांवर उतरला की दिवा विझतो. आफ्टरडँपपुढे मात्र दिवा मुका होता. माणसाला मारायला पुरेसा कार्बन मोनॉक्साइड हवेत असला तरी ज्योत शांतपणे जळत राही, आणि त्या ज्योतीवर विसंबून बचाव पथके पुढे जात राहत.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, हे त्याआधी फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवून दिले होते. चिकटतो तोही ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने. त्यामुळे हवेत हजारात जेमतेम एक भाग असला, तरी माणूस पुरेसा वेळ त्यात राहिला तर निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन अडवून बसतो. पण किती हवेत, किती वेळाने, किती रक्त अडते आणि त्या त्या पायरीवर माणसाला काय होते? उंदीर-सशांवरून हे सांगता येत नव्हते. उंदराला चक्कर आली की नाही, हे तो सांगत नाही.

तेव्हा हाल्डेन यांनी स्वतःच तो वायू हुंगायला सुरुवात केली. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत मोजून मिसळलेली हवा नळीतून आत घ्यायची, घड्याळाकडे पाहत लक्षणे टिपायची, मधूनमधून बोट टोचून रक्ताचा थेंब काढायचा. एकामागून एक असे अनेक प्रयोग झाले आणि १८९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रक्तातला एक पंचमांश भाग अडला तरी स्वस्थ बसलेल्या माणसाला काही कळत नाही. एक तृतीयांशाच्या आसपास जिना धावत चढले तर धाप लागते, छाती धडधडते, गरगरते. अर्ध्यावर पोहोचल्यावर दृष्टी मंद होते, पाय आपले राहत नाहीत, विचार तुटतात. हाल्डेन अर्ध्याच्याही पुढे गेले, आधाराशिवाय धड चालता येईना इतके. शेवटची पायरी कोणती हे कळण्याइतके जवळ जाऊन ते परत फिरले.

थेंबभर रक्तातला वायू मोजायचा कसा, याची त्यांनी काढलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. साधे रक्त भरपूर पाण्यात मिसळले की पिवळसर दिसते. कार्बन मोनॉक्साइडने पूर्ण भरलेले रक्त तितक्याच पाण्यात गुलाबी दिसते. त्यांनी एका परीक्षानळीत साधे रक्त ठेवले, म्हणजे शून्य. दुसऱ्या नळीतल्या रक्तातून दिव्याचा कोळसावायू खळखळवला. त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे, म्हणून ते झाले शंभर. तिसऱ्या नळीत तपासायचे रक्त. मग साध्या रक्तात कार्मिन या लाल रंगाचे द्रावण थेंबाथेंबाने घालत जायचे. तपासायच्या नळीशी रंग जुळायला किती कार्मिन लागले आणि शंभरच्या नळीशी जुळायला किती, यावरून टक्केवारी काढायची. ठाऊक असलेले शून्य, ठाऊक असलेले शंभर, आणि त्यामध्ये न ठाऊक असलेल्याची जागा शोधणे. आज ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. टायलर्सटाउनच्या मृतांचे रक्त ओळखता आले ते याच सरावाने.

प्रयोगात हाल्डेन यांच्या बाजूला उंदीरही ठेवलेला असे. तीच हवा, तीच वेळ. लहान प्राण्याचा श्वास जलद, रक्ताचे फिरणे जलद, त्यामुळे तो वायू सुमारे २० पट वेगाने उचलतो. हाल्डेन यांना काही जाणवण्याच्या कितीतरी आधी उंदीर आडवा होई. यातूनच खाणीत लहान प्राणी सोबत नेण्याची सूचना आली. सूचना उंदराची होती आणि पक्ष्याचीही. पण उंदीर कोपऱ्यात स्वस्थ बसला तर झोपला की मेला ते कळत नाही. कॅनरी दांडीवरून खाली पडते, आणि ते अंधाऱ्या बोगद्यातही चटकन लक्षात येते. १९११ च्या ब्रिटिश खाण कायद्यानंतर बचाव केंद्रांत असे पक्षी पाळणे बंधनकारक झाले. काही पिंजऱ्यांना छोटे ऑक्सिजनचे नळकांडे जोडलेले असे. पक्षी पडला की काचेचे दार बंद करायचे, चावी फिरवायची, आणि बहुतेक वेळा तो पुन्हा दांडीवर चढून बसे. कामगारांना या पक्ष्यांचा लळा होता, त्यामुळे ही सोय त्यांनी फार मनापासून सांभाळली.

कॅनरीची गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. पण हाल्डेन यांनी या जिवंत उपकरणाची मर्यादाही सांगून ठेवली होती. कॅनरी माणसापेक्षा लवकर पडते, म्हणजे ती माणसापेक्षा नाजूक असते असे नव्हे. फक्त तिचे रक्त लवकर भरते. वायू अगदी थोडा असेल आणि माणसे तासन् तास त्यात काम करत असतील, तर पक्षी ठीक दिसत असतानाच माणसाचे डोके जड होऊ शकते. चटकन प्रतिसाद देणे आणि बारीक प्रमाण ओळखणे हे दोन वेगळे गुण आहेत. पिंजरा हातात आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला हे ठाऊक नसले तर तो फसणारच.

आणि स्वतःच्या जाणिवेवर विसंबणारा तर नक्कीच फसतो. १८९७ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरील स्नेफेल खाणीत आग लागून कामगार गुदमरले. तपासासाठी उतरलेले सरकारी खाण निरीक्षक क्लेमेंट ल नीव्ह फॉस्टर यांनाही कार्बन मोनॉक्साइडने गाठले. ते अनुभवी होते, धोक्याची पूर्ण कल्पना असलेले होते. पण त्यांनी बाहेर पडण्याची धडपड केली नाही. वही काढून ते घरच्यांना निरोप लिहीत बसले, तोच तो निरोप पुन्हा पुन्हा. सोबत्यांनी त्यांना बाहेर काढले म्हणून वाचले. पुढे फॉस्टर आणि हाल्डेन या दोघांच्या नावे खाणीतील हवेच्या तपासणीवरचे पुस्तक १९०५ मध्ये निघाले. वायूने आधी जाते ती निर्णय घेण्याची शक्ती. ती गेल्याचे ज्याची गेली त्याला कळत नाही. म्हणून मोजणारे काहीतरी माणसाच्या शरीराबाहेर हवे.

हाल्डेन यांनी तसे उपकरणही बनवले. हवा तपासण्याचे हाल्डेन उपकरण पुढची अनेक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत आणि इस्पितळांत वापरले गेले. काचेच्या नळीत हवेचा लहानसा नमुना घ्यायचा, त्याचे आकारमान वाचायचे. तो पोटॅशच्या द्रावणावरून फिरवला की कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. आकारमान जितके घटले तितका तो. मग पायरोगॅलॉलच्या द्रावणावरून फिरवला की ऑक्सिजन जातो. कल्पना सोपी, अडचण वेगळीच. खोलीचे तापमान थोडे वाढले तरी नळीतली हवा फुगते, आणि फुगवट्याचा आकडा वायूच्या आकड्यात मिसळतो. हाल्डेन यांनी मोजणाऱ्या नळीशेजारी तशीच दुसरी, बंद नळी बसवली आणि दोन्ही एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवल्या. तापमान किंवा दाब बदलला तर दोन्ही नळ्यांत सारखाच बदल होतो, म्हणून तो वजा करता येतो. एवढ्याशा युक्तीने टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंतचे मोजमाप विश्वासार्ह झाले.

उपकरण ठीक आहे की नाही हे पाहण्याची रीत आणखी साधी होती. खिडकीबाहेरची स्वच्छ हवा त्यात घ्यायची. ऑक्सिजन २०.९३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०३ टक्के आला पाहिजे. नाही आला तर दोष हवेत नाही, उपकरणात किंवा हातात आहे.

आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत गॅस ओळखणाऱ्या यंत्राचे एखादे तरी मॉडेल हमखास असते. आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्याला जोडलेला काहीशे रुपयांचा सेन्सर, एक बझर आणि लाल दिवा. कार्बन मोनॉक्साइडसाठी बहुधा एमक्यू-७ वापरतात. त्याच्या जाळीदार टोपीखाली कथलाच्या ऑक्साइडचा थर आणि तो तापवणारा छोटा हीटर असतो. स्वच्छ हवेत थराच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसतो आणि विजेचा मार्ग अडवून धरतो. कार्बन मोनॉक्साइड आला की तो त्या ऑक्सिजनला घेऊन जातो, रोध कमी होतो. सेन्सरबरोबर एक ठाऊक रोध एकसर जोडून मधल्या बिंदूचा व्होल्टेज बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनला दिला की बोर्ड त्याचा ० ते १०२३ यांमधला आकडा बनवतो.

हा आकडा पडद्यावर झळकला की काम झाले असे वाटते, आणि गडबड तिथेच होते. ३१२ म्हणजे किती कार्बन मोनॉक्साइड? त्या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. एकाच नमुन्याच्या दोन सेन्सरांचा रोध सारख्या हवेतही १० पटीने वेगळा असू शकतो. १०० पीपीएम कार्बन मोनॉक्साइडमध्ये, म्हणजे दहा लाखांत १०० भाग असताना, तो २ ते २० किलोओहम यांमध्ये कुठेही असेल, असे माहितीपत्रकातच म्हटलेले असते. हवेतला दमटपणा बदलला, तापमान बदलले की आकडा सरकतो. हायड्रोजन आणि अल्कोहोलच्या वाफेलाही हा सेन्सर प्रतिसाद देतो. अगरबत्ती जवळ नेल्यावर आकडा उडी मारतो हे पाहून प्रयोग यशस्वी झाला असे मानणे म्हणजे पिंजऱ्यात पक्षी आहे एवढेच पाहणे.

जोडणीतही काही गोष्टी सुटतात. एमक्यू-७ चा हीटर सतत एकाच व्होल्टेजवर ठेवायचा नसतो. ५ व्होल्टवर ६० सेकंद तापवून पृष्ठभाग स्वच्छ करायचा, मग १.४ व्होल्टवर ९० सेकंद ठेवायचा, आणि वाचन घ्यायचे ते या दुसऱ्या टप्प्यात. ५ व्होल्टवर हीटर सुमारे १५० मिलिअँपिअर ओढतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला तो भार झेपत नाही, मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. नवा सेन्सर आधी ४८ तास चालू ठेवावा लागतो, तोवरचे आकडे धरायचे नसतात. एवढे झाल्यावर मग कॅलिब्रेशन. प्रमाण प्रमाणित केलेल्या वायूच्या सिलिंडरमधून ठाऊक मिश्रण बंद टोपीतून सेन्सरवर सोडायचे, १०० पीपीएमला रोध किती ते नोंदवायचे, आणखी एकदोन प्रमाणांना नोंदवायचे, आणि नंतरचे प्रत्येक वाचन त्या रोधाशी गुणोत्तरात मांडायचे. शेजारी तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर बसवून त्यांचा परिणाम वजा करायचा. हाल्डेन यांची बंद नळी ती हीच, फक्त काचेऐवजी सिलिकॉनची. हे काम हवा खेळती असलेल्या प्रयोगशाळेत, जाणकारांच्या देखरेखीखाली करायचे असते. घरच्या खोलीत कोळसा जाळून वायू तयार करणे हा प्रयोग नव्हे.

ऑक्सिजनचा सेन्सर आजही मोकळ्या हवेत धरून २०.९ टक्क्यांवर लावला जातो. कार्बन डायऑक्साइडचे मात्र तसे राहिले नाही. हाल्डेन ज्याला स्वच्छ हवा म्हणत तीत तो दहा लाखांत ३०० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे अनेक स्वस्त सेन्सर बाहेरची हवा म्हणजे ४०० पीपीएम असे गृहीत धरून स्वतःचे शून्य लावतात. शंभर वर्षांत ते शून्यच सरकले आहे.

अलार्म कोणत्या आकड्यावर वाजवायचा, हेही सेन्सर सांगत नाही. ते ठरते रक्तावरून. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा ५० पीपीएम आहे, भारतात मोकळ्या हवेसाठी आठ तासांचे मानक घनमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे दोन पीपीएमहूनही कमी. कारखान्यातला धडधाकट कामगार आणि वस्तीतला दमेकरी, गरोदर बाई, तान्हे मूल यांच्यासाठी आकडे वेगळे असणारच. पण अशा सगळ्या आकड्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, जो हाल्डेन यांनी बोट टोचून विचारला होता: एवढ्या हवेत एवढ्या वेळाने किती हिमोग्लोबिन अडते? महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने किंवा खोलीत पेटत ठेवलेल्या शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मारणारा वायू टायलर्सटाउनचाच असतो. तिथेही मृत माणूस झोपल्यासारखा दिसतो, आणि दार आतून बंद असते.

हाल्डेन यांचे पुढचे आयुष्य अशाच हवांच्या मागे गेले. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत वाफेच्या इंजिनांनी कोंडलेली हवा त्यांनी मोजली. जे. जी. प्रीस्टली यांच्याबरोबर १९०५ मध्ये त्यांनी दाखवले की श्वासाची गती ठरवतो तो ऑक्सिजनचा अभाव नव्हे, प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड. शरीरात आधीपासूनच एक वायू सेन्सर बसवलेला आहे, आणि तो मोनॉक्साइडला आंधळा आहे, असाच याचा अर्थ. पाणबुड्यांनी खोलातून टप्प्याटप्प्याने कसे वर यावे, याची त्यांची १९०८ ची कोष्टके ब्रिटिश नौदलाने स्वीकारली. त्यासाठी शेळ्यांना दाबाच्या टाकीत बसवले होते. वायूने विषबाधा झालेल्याला ऑक्सिजन नेमका कसा द्यावा, यावर त्यांनी १९१७ मध्ये लिहिले. त्याआधी १८९५ मध्येच त्यांनी दाखवून दिले होते की दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेला उंदीर कार्बन मोनॉक्साइडमध्येही जगतो, कारण तेवढा ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यातच विरघळतो.

मुलांनाही यातून सूट नव्हती. मुलगा जॅक लहान असताना त्याला घेऊन ते खाणीत उतरले आणि मिथेन साठलेल्या जागी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला सांगितले. मुलगा काही ओळींतच धापा टाकू लागला आणि खाली कोसळला. खाली हवा चांगली होती, कारण मिथेन हलका, तो छताशी राहतो. एवढे शिकवण्यासाठी पोराला कोसळू देणारा बाप आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावाच. जॅकने मात्र ही गोष्ट पुढे कौतुकाने सांगितली. हा जॅक म्हणजेच जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले.

२२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने ईप्र येथे क्लोरीन सोडला. काही दिवसांतच हाल्डेन यांना फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. वायू कोणता ते त्यांनी ओळखले आणि ऑक्सफर्डला परतून मुखवट्यांच्या चाचण्या सुरू केल्या. चाचणीची रीत जुनीच होती. क्लोरीन भरलेल्या खोलीत आधी ते स्वतः जात. तेव्हा त्यांचे वय ५५ च्या घरात होते. त्याच सुमारास बंधू रिचर्ड यांच्यावर जर्मनधार्जिणे म्हणून चिखलफेक चालू होती आणि मे महिन्यात त्यांना मंत्रिमंडळाबाहेर जावे लागले. आघाडीवर भुयारे खणणाऱ्या सैनिकांच्या हाती मात्र कॅनरीचे पिंजरे होते.

पंचाहत्तरीतही ते इराण आणि इराकच्या तेलक्षेत्रांत गेले, तिथल्या कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करायला. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि १४ मार्च १९३६ च्या मध्यरात्री ऑक्सफर्डच्या घरी त्यांचे निधन झाले.

कॅनरी त्यांच्यानंतर अर्धशतक टिकली. ब्रिटनच्या खाणींत शेवटचे दोनशेवर पक्षी उरले असताना १९८६ च्या अखेरीस त्यांना निवृत्त करून हातात धरायची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणण्याचा निर्णय जाहीर झाला. खाणीत किंवा मोठ्या गटारात उतरण्यापूर्वी या उपकरणाची बंप टेस्ट करायची असते. छोट्या सिलिंडरची नळी सेन्सरच्या टोपीला लावायची, झडप उघडायची. आत किती पीपीएम कार्बन मोनॉक्साइड आहे ते सिलिंडरवर छापलेले असते. पडद्यावरचा आकडा तिथवर चढला आणि बझर वाजला, तरच उपकरण पट्ट्याला अडकवायचे आणि शिडीवर पाय ठेवायचा.